भुसा

शिवडीला गोदीकडच्या रस्त्यात
मालगाडीचे जुने रूळ तिरके घुसलेत,
न विचारता.
खवणेकर म्हणायचे, रुळाशी तिरकं बोलायचं नाही.
जरा लांबून वळण घे, समोरासमोर हो,
मग ओलांड.
तिरका गेलास तर चाक खाचेत
आणि तू आधार कार्डासकट गटाराशी.

एकतीस वर्षं क्रेनवर होते ते,
बुलेटवर त्याहून जास्त.
डाव्या कोपराला रुपयाएवढा काळा डाग,
त्याचं नाव वडाळा.
गुडघ्यावरचा माहुल.
पाठीवरचा दाखवत नसत.

मी रक्त पोचवतो.
कॉटन ग्रीनपासून परळपर्यंत, निळ्या पेटीत,
बर्फाच्या पिशव्यांमध्ये उभ्या नळ्या,
प्रत्येकीवर एक उपाशी माणूस.
पहिल्या आठवड्यात दोनदा पडलो,
म्हणून चाळीतल्यांनी खवणेकरांकडे पाठवलं.

शिकवणी त्यांच्या ओट्यावर, गाडीशिवाय.
खोदकामावर टाकलेले लोखंडी पत्रे:
तिथे ब्रेक नाही, वळण नाही, शिंकही नाही.
पांढरे पट्टे रंगाचे असतात, रस्त्याचे नव्हेत.
खड्डा दिसला की खड्ड्याकडे बघू नकोस,
बघशील तिथेच जाशील,
बाजूची जागा बघ, ती नेहमी असते,
हातभर का होईना.
आणि मागचं चाक सुटलं तर...
इथे थांबून त्यांनी तंबाखू मळली, चुना पुसला.
तर काही करू नकोस.

म्हणजे?

म्हणजे काही नाही.
आवळतो तो पडतो.
टपरीवरचा कडक चहा ग्लासाच्या काठाला धरतोस ना,
तेवढंच हँडल धर.

मला पटलं नाही.
आमच्या घरी काही न करण्याला
फक्त एकच शब्द होता, आणि तो बापाच्या तोंडी असायचा.

मोतीबिंदूनंतर त्यांनी बुलेट विकली.
मला एक कापडी पिशवी दिली, रे रोडच्या वखारीतला भुसा भरलेली.
ही कशाला?
पडला नाहीस तर कळेल.

डिसेंबर. सकाळचे सव्वासहा, डांबरावर दव.
टँकर केव्हाच पुढे गेलेला, दिसलासुद्धा नाही.
आधी वास आला,
वाण्याकडे तेलाचा डबा फोडल्यावर येतो तसा,
आणि वास आला तेव्हा मी त्याच्या मधोमध होतो.
मागचं चाक मला न सांगता डावीकडे निघालं.
उजवा पाय ब्रेककडे गेला.
त्याला तिथेच ठेवला, दाबू दिला नाही.
लांब एका टपरीवर स्टोव्ह पेटला होता,
निळा, टाचणीएवढा.
त्याच्याकडे बघत राहिलो.
काही केलं नाही.
इतकं कष्टाचं काम मी आजवर केलेलं नाही.
गाडीने ओल्या कुत्र्यासारखं अंग झटकलं
आणि पुन्हा माझ्याखाली आली.

उतरलो तर गुडघे कुणा दुसऱ्याचे.
पेटी उघडली. सगळ्या नळ्या उभ्या.
हिराबाई, समद, कुणी एक पेरपेतुआ,
सगळे लालभडक, शांत.

मग पिशवी सोडली.
मुठीमुठीने पसरला, कडेपासून आत,
चपलेने दाबला.
भुसा काळा होत गेला, वास उतरत गेला.
पाववाला आला स्कूटरवर, दोन्ही बाजूंना टोपल्या.
मी हात हलवला,
त्याला वाटलं लिफ्ट मागतोय,
मान हलवून नाही म्हणाला
आणि भुशावरून सरळ निघून गेला.
टोपल्याही हलल्या नाहीत.

लॅबमध्ये अकरा मिनिटं उशीर.
शगुफ्ताने रजिस्टर पुढे सरकवलं.
कारणाचा रकाना दोन बोटांचा.
लिहिलं, रस्ता सांडला होता.
तिने वाचलं,
माझ्या बाहीवरचा भुसा बघितला,
चिमटीत धरून एक कण उचलला
आणि सही केली.